सेक्रेटरींची गाडी गेटात

रविवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी इमारतीच्या सेक्रेटरींची गाडी गेटाच्या बरोबर मधोमध उभी राहिली, आणि पुढे जाईना की मागे येईना. इमारतीत सव्वीस बिऱ्हाडं. त्यातली पंचवीस बिऱ्हाडं त्या रविवारची आठवण अजून चवीने काढतात. सव्विसावं सेक्रेटरींचं, ते विषय बदलतात.

सेक्रेटरींना माघारी सगळे नियमकाका म्हणायचे आणि समोर साहेब. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठेही दोन माणसं उभी दिसली की यांच्यासाठी एखादा नियम करावा, असं त्यांना आतून वाटायचं. जिन्यात चपला कुठे काढायच्या, गच्चीवर चादर किती वेळ वाळत घालायची, लिफ्टमध्ये फोनवर किती आवाजात बोलायचं, सगळ्याला नियम, आणि प्रत्येक नियम टाईप करून, खाली सही-शिक्का मारून फळ्यावर लावलेला. नऊ वर्षांत फळा पुरेना म्हणून त्यांनी दुसरा फळा आणवला. मग दुसऱ्या फळ्यावर काय लावू नये याचा एक नियम पहिल्या फळ्यावर लावला.

त्या रविवारी दहा वाजता वार्षिक सभा होती आणि सभेत सेक्रेटरीची निवडणूक. सभा खाली पार्किंगमध्ये व्हायची, म्हणून सर्व सभासदांनी साडेनऊच्या आत आपापली वाहने बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवावीत, असं परिपत्रक निघालेलं. आदर्श घालून द्यायचा तर पुढे राहून, या हिशेबाने पहिली गाडी स्वतः नियमकाकांची. गाडी तीन आठवड्यांची, ऑटोमॅटिक. मागे ओळीने पाच गाड्या. गेटात वॉचमनच्या केबिनपाशी ते थांबले, गियरचा दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, सरकवला, गाडी बंद केली आणि दोन मिनिटांचं एक काम उरकलं. कुठलं काम ते सांगतो, पण इतक्यात नाही. आत्ताच सांगितलं तर त्यांच्याविषयी तुम्हाला जो काही थोडाफार आदर वाटत असेल तोही जाईल, आणि गोष्ट तर नुकती सुरू झालीय.

काम झाल्यावर त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, ब्रेक दाबला आणि दांडा ओढला. दांडा ढिम्म. त्यांनी पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. मग तो आपोआप सरकेल अशा आशेने क्षणभर दुसरीकडे बघितलं आणि अचानक ओढला. दांडा ‘पी’वरच.

“साहेब, नऊ सतराला उभी राहिली गाडी,” खिडकीशी येऊन वॉचमन म्हणाला. हातात नोंदवही. “आता वीस झाले. आठवण करून दिली फक्त.”

इथे नियम क्रमांक चौतीस समजून घ्यायला हवा, कारण सगळं घोडं तिथे अडलं होतं. गेटात दहा मिनिटांहून जास्त वेळ गाडी उभी राहिली, तर वॉचमनने ती नोंदवहीत लिहायची. आणि वर्षभरात ज्याच्या नावावर अशी एक जरी नोंद पडली, त्याला निवडणुकीला उभं राहता येणार नाही. गाडीत बिघाड झाला असेल तर माफ. हा नियम नियमकाकांनी गेल्या वर्षी एका माणसासाठी खास बेतून शिवला होता. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे, तिथेच त्यांचा दवाखाना. त्यांचे पेशंट गाल धरून यायचे आणि गाडी गेटात टाकून आत पळायचे. डॉक्टर सेक्रेटरीपदाला उभे राहणार अशी कुणकुण लागली आणि आठवड्यात नियम फळ्यावर. पण डॉक्टर वस्ताद निघाले. त्यांनी पेशंटना गाड्या पलीकडच्या गल्लीत लावायला शिकवलं, वर्षभर नावावर एक ठिपका पडू दिला नाही, आणि यंदा ते उभे होते.

नियमकाकांना हे पद मनापासून हवं होतं. त्यात थट्टा करण्यासारखं काही नाही, निदान फारसं नाही. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, जुन्या कचेरीतून कधी फोन येत नव्हता. खाली जिन्याजवळ असोसिएशनची एक चिमुकली खोली होती. तिच्यात एक टेबल, एक शिक्का आणि एक लोखंडी कपाट. तिथे जाऊन बसलं की आपण अजून कुणीतरी आहोत असं त्यांना वाटायचं. ती खोली गेली तर सकाळी उठून जायचं कुठे? आणि आता सात मिनिटं उरली होती.

“हे बघ,” ते वॉचमनला म्हणाले, “ही माझी गाडी आहे.”

“हो साहेब, नंबर पाठ आहे.”

“म्हणजे जरा थांब म्हणतोय. वही ठेव आत.”

वॉचमनने वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, की नोंद करताना वॉचमनने कोणाच्याही, अगदी सेक्रेटरींच्याही, सांगण्याकडे लक्ष देऊ नये. गेल्या पावसाळ्यात एका पाहुण्याची गाडी लिहायची राहिली म्हणून याच माणसाकडून त्यांनी दोन पानी लेखी खुलासा घेतला होता. तेव्हापासून वॉचमन नियमाच्या एका अक्षरानेही इकडेतिकडे होत नसे. नियमकाकांना त्याचा अभिमान वाटायचा. त्या सकाळी नाही वाटला.

तोवर मागच्या गाड्यांमधली मंडळी उतरून पुढे आली होती. सगळ्यांत आधी असोसिएशनचे अध्यक्ष. हे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले, त्यातले दोन अजून उभे आहेत. इमारतीत त्यांना पूलवाले म्हणायचे. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटला कान लावला आणि निदान केलं. “लोड आलाय.”

“कसला लोड?” नियमकाका म्हणाले.

“सगळा. गेटाला उतार आहे ना, गाडीचं वजन गियरवर आलं. वजन काढा, दांडा सुटेल.”

वजन काढायचं म्हणजे गाडी हलवायची. चार धडधाकट सभासदांनी दोन बाजूंनी गाडी धरली आणि पाळण्यासारखी झुलवायला सुरुवात केली. आत नियमकाका. पहिल्या झोक्याला चष्मा गेला, दुसऱ्याला त्यांचं डोकं काचेवर आपटलं, तिसऱ्याला गाडीच्या कप्प्यातली कागदपत्रं पायात येऊन पडली. दांडा जिथल्या तिथे. पूलवाले म्हणाले, “आता जरा कमी झालाय लोड.” हे त्यांना कशावरून कळलं ते त्यांनाच ठाऊक.

दातांचे डॉक्टर सगळ्यांत शेवटी आले. दोन्ही कोपरं खिडकीत टेकली आणि तोंड आत घालून बघू लागले. बघण्याची सवयच ती.

“दुखत नाहीये ना काही?” त्यांनी विचारलं.

“बिघाड आहे,” नियमकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “यांत्रिक बिघाड. नवी गाडी गळ्यात मारलीय त्या शोरूमवाल्यांनी. मी सोडणार नाही.” आणि त्यांनी शोरूमच्या मदत क्रमांकाला फोन लावला. लोकांनी ऐकावं म्हणून स्पीकर चालू केला. ही त्या सकाळची त्यांची दुसरी घोडचूक.

फोनवर एक मुलगी होती. नाव, नंबर, गाडीचा रंग, सगळं गोड आवाजात विचारून झाल्यावर तिने विचारलं, “सर, ब्रेक दाबल्यावर गाडीचे मागचे लाल दिवे लागतात का?”

नियमकाकांचा चेहरा पडला.

आता ते दोन मिनिटांचं काम सांगायला हरकत नाही. गेटात थांबल्यावर त्यांनी आरशात बघितलं, तर मागच्या गाडीच्या पांढऱ्या बॉनेटवर लाल उजेड पडला होता. त्यांनी पाय उचलला, उजेड गेला. पाय ठेवला, आला. सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, दिवा. जिन्यातला दिवा सकाळी सव्वासहाच्या पुढे एक मिनिट जळलेला ज्यांना खपत नाही, त्या माणसाला हे बघवेल कसं? गाडी थांबलीय हे मागच्याला डोळ्यांनी दिसतंय की. त्याला दिवा लावून कशाला दाखवायचं? गाडीबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी दोनदा वाचली होती, समासात खुणा करून. स्टिअरिंगच्या खालचं झाकण उघडलं, ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज चिमट्याने ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. बचत. अंधार पडला की परत लावू म्हणाले.

पुस्तिकेत पुढे असंही लिहिलं होतं, की ब्रेक दाबला हे गाडीला ज्या वाटेने कळतं त्याच वाटेवर हा फ्यूज बसतो, आणि ब्रेक दाबलाय हे कळल्याशिवाय गाडी दांडा ‘पी’वरून सोडत नाही. पण ते पुढच्या पानावर होतं, आणि पान उलटण्याआधी यांची बचत सुचून झाली होती.

“सर? लागतात का दिवे?”

खिशातला तो बोटाच्या पेराएवढा तुकडा नियमकाकांना छातीवर चटका दिल्यासारखा जाणवला. खिडकीत डॉक्टर, दुसऱ्या खिडकीत पूलवाले, पुढे आठ-दहा माणसं. सांगायचं काय? की मी, या इमारतीचा सेक्रेटरी, माझ्याच हाताने माझ्या गाडीची खुट्टी काढून खिशात घालून बसलोय?

“लागतात,” ते म्हणाले. “चांगले लागतात.”

“मग गियरचाच प्रॉब्लेम असेल सर. गाडी उचलून न्यावी लागेल. आज रविवार ना, साधारण चारपर्यंत माणूस येईल.”

फोन ठेवला तेव्हा नऊ चोवीस झाले होते. तीन मिनिटं. फ्यूज लावायला अर्धं मिनिट पुरे, फक्त कुणी बघता कामा नये.

“मंडळी, तुम्ही कशाला थांबताय,” नियमकाका प्रेमाने म्हणाले. त्यांना प्रेमाने बोलायची सवय नसल्यामुळे सगळे आणखी जवळ आले. “सभेची तयारी बघा. मी बघतो इकडचं.”

“छे, छे, तुम्हाला असं एकटं टाकून?” डॉक्टर म्हणाले आणि कोपरं नीट टेकून उभे राहिले.

शेवटी नियमकाकांनी चष्मा शोधण्याचं निमित्त केलं. चष्मा खरंच खाली पडला होता, त्यामुळे ते पूर्ण खोटंही नव्हतं. ते वाकले, डोकं स्टिअरिंगखाली घातलं, डाव्या हाताने झाकण चाचपलं आणि उजव्या हाताने खिसा. इतक्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडून पूलवाले आत आले आणि मोबाईलचा टॉर्च लावून त्यांच्या शेजारी वाकले.

“काय शोधताय?”

“चष्मा.”

“मग खिशात काय हात घालताय?”

“खिशातही बघतोय.”

“खिशात कसा असेल? पडला म्हणालात ना? थांबा, मी शोधतो, तुम्ही सरका.” आणि चष्मा सापडेपर्यंत पूलवाले जागचे हलले नाहीत. सापडल्यावर त्यांनी तो स्वतःच्या रुमालाने पुसून नियमकाकांच्या नाकावर बसवला. नियमकाकांना इतकं उघड्यावर पडल्यासारखं जन्मात वाटलं नव्हतं.

“साहेब, अठ्ठावीस झाले,” वॉचमन म्हणाला. त्याने पेनाचं टोपण काढलं होतं. “नोंद करतोय. कारण काय लिहू?”

नियमकाका स्टिअरिंगकडे बघत राहिले. उत्तर द्यायला पूलवाले होतेच. “लिही, यांत्रिक बिघाड. मी स्वतः तपासलीय गाडी.” वॉचमनने लिहिलं. बिघाड म्हटल्यावर माफ. म्हणजे खुर्ची वाचली होती, आणि तेही पूलवाल्यांच्या अकलेमुळे, ज्या अकलेची नियमकाकांनी नऊ वर्षं बायकोपुढे नक्कल केली होती.

खुर्ची वाचली, पण गाडी गेटातच होती. तेवढ्यात सभेच्या खुर्च्यांचा टेम्पो येऊन बाहेर उभा राहिला. त्याला आत यायला जागा नाही, म्हणून साठ खुर्च्या नियमकाकांच्या गाडीवरून हातोहात आत पाठवल्या गेल्या. काही खुर्च्या वरून गेल्या, काही गाडीला विचारत विचारत गेल्या. तीन आठवड्यांच्या रंगावर चार ओरखडे उमटले, आणि प्रत्येक ओरखड्याला टेम्पोवाला “काही नाही हो, पॉलिशने जातं” म्हणाला. बाहेर निघालेल्या एका बाईंनी आपली भाजीची पिशवी बॉनेटवर ठेवली आणि नेमकं काय झालं ते सुरुवातीपासून सांगा म्हणाल्या. सांगायला सहा माणसं तयार होती. आत बसलेले नियमकाका स्वतःची गोष्ट सहा प्रकारे ऐकत होते, आणि त्यातल्या एकाही प्रकारात ते शहाणे ठरत नव्हते.

पावणेदहाला त्यांची बायको खाली आली. तिचा स्वभाव मोजकं बोलायचा, आणि ते मोजकं टोचायचं. तिने गर्दी बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि सगळ्यांना म्हणाली, “चहा झालाय. मागच्या बाजूला ठेवलाय, बिस्किटंही आहेत. संपायच्या आत जा.”

अर्ध्या मिनिटात गेट रिकामं झालं. डॉक्टर सगळ्यांच्या पुढे. राहिला फक्त वॉचमन, आणि त्याने तोंड रस्त्याकडे वळवलं.

बायको खिडकीशी वाकली. “काय काढलंत?”

“कुठे काय काढलंय? बिघाड—”

“अहो, पंखा, मिक्सर, गीझर, आजवर काय काय बंद पडलं घरात, सगळं तुम्ही काहीतरी काढल्यावरच बंद पडलं. काय काढलंत तेवढं सांगा.”

नियमकाकांनी खिशातून फ्यूज काढून तिच्यापुढे धरला.

“माझ्या हातात कशाला देताय? जिथून काढलात तिथे घाला.”

घातला. ब्रेक दाबला. दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली आला आणि गाडी मुकाट रस्त्यावर गेली. चहा घेऊन मंडळी परत येतात तो गेट मोकळं. “सुटला आपोआप,” नियमकाका म्हणाले. पूलवाल्यांनी सगळ्यांकडे बघून मान डोलावली. “म्हटलं नव्हतं मी? लोड.”

सभा सव्वादहाला सुरू झाली. इतिवृत्त, अहवाल, पाण्याच्या टाकीवरून दोन बिऱ्हाडांचं नेहमीचं भांडण, सगळं होऊन निवडणूक आली. पूलवाले अध्यक्ष म्हणून उभे राहिले. दोनच उमेदवार, नियमकाका आणि डॉक्टर. “वहीत सेक्रेटरींच्या नावावर आज एक नोंद आहे,” ते म्हणाले, “पण कारण यांत्रिक बिघाड. मी प्रत्यक्ष पाहणी केलीय. डॉक्टर, तुमची हरकत?”

“माझी कसली हरकत,” डॉक्टर म्हणाले. “बिचारे सकाळपासून दमलेत. घ्या मतं.”

नियमकाकांनी डोळ्यांनीच मोजणी केली. निदान सोळा मतं त्यांची होती. लोक त्यांना हसत, पण जिन्यातले दिवे, टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती वेळेवर होते हे लोकांना माहीत होतं. आणखी पाच मिनिटं, की पुढची तीन वर्षं ती खोली त्यांची.

“फक्त सेक्रेटरींची सही राहिलीय,” पूलवाले म्हणाले. “नोंद बरोबर असल्याची. नियमच आहे ना तुमचा.”

वॉचमनने वही पुढे ठेवली. नियमकाकांनी पेन काढलं, रकाना बघितला आणि पेन तसंच राहिलं. एकतीस वर्षं त्यांनी कचेरीत दुसऱ्यांच्या नोंदवह्या तपासल्या होत्या. त्यात त्यांनी फार कुणाचं भलं केलं असं नाही, उलट पुष्कळांना छळलं. पण खोट्या नोंदीखाली त्यांची सही कधी गेली नव्हती. वरच्या साहेबांनी दटावून बघितलं होतं, बदलीची भीती घातली होती, तरी गेली नव्हती. फोनवरच्या मुलीशी खोटं बोलता आलं, पूलवाल्यांशी आलं. वहीशी येईना. मूर्ख माणूस. सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं.

त्यांनी ‘यांत्रिक बिघाड’वर सरळ रेघ मारली, बाजूला काहीतरी लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली, आणि उभं राहून वाचून दाखवलं. “गाडी ठीक होती. ब्रेकचा फ्यूज चालकाने स्वतः काढून खिशात ठेवला होता.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पहिल्यांदा भाजीच्या पिशवीवाल्या बाई हसल्या, मग टाकीवरून भांडणारी दोन्ही बिऱ्हाडं मिळून हसली, आणि मग सगळं पार्किंग. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पूलवाले तेवढे गप्प होते, कारण त्यांचा लोड गेला होता. नियमकाका हसणं थांबेपर्यंत उभे राहिले.

“नियम चौतीस लागू होतो,” ते म्हणाले. “माझं नाव काढा.”

कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या हो, आजच्यापुरतं सोडा. दोघाचौघांनी दुजोराही दिला. नियमकाका म्हणाले, नियम बदलायला चौदा दिवसांची सूचना लागते. तोही नियम त्यांचाच. डॉक्टर बिनविरोध निवडून आले. हसू ओसरल्यावर, कपाटाची किल्ली आणि शिक्का हातात पडल्यावर त्यांचा चेहरा उतरला, कारण टाकीवरून भांडणारी दोन्ही बिऱ्हाडं आता त्यांच्याकडे वळली होती.

नियमकाका जिन्याने वर आले. लिफ्टमध्ये लोक होते. बायको आधीच घरात पोचून ताटं मांडत होती. ते खुर्चीत बसले.

“सगळे हसले,” ते म्हणाले.

“हसणारच. मीसुद्धा हसले.”

तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि ताटाकडे बघत म्हणाली, “बरं केलंत.”

छत्तीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिच्या तोंडून त्यांनी ऐकले नव्हते. आपल्या कानांवर त्यांचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर ते आणखी एकदा ऐकायचेही होते.

“काय म्हणालीस?”

“काही नाही,” ती म्हणाली. “हात धुवा आणि जेवायला बसा.”